आत्याची जिवाणी, सरकारची बारव

आमच्या गावच्या बारवेला दार नव्हतं तोवर तिचं सगळं बरं चाललं होतं. मग सरकारनं तिच्याभोवती भिंत घातली, तिला लोखंडी दार बसवलं, दाराला कुलूप लावलं, शेजारी निळी पाटी रोवली, आणि तेव्हापासून बारव गावाच्या मनातून उतरली. आज सावकाश बसून लिहिते आहे म्हणून हे एका दमात सांगता येतं. पाटी लागली त्या दिवशी मात्र गावात सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता. मालेगावला काकांकडे राहून मी हायस्कुलात शिकून आले होते, दोन वेण्या वर बांधत होते, आणि 'आपला ऐतिहासिक वारसा' या निबंधाला मला बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालेलं होतं. निबंधात अजिंठा होता, वेरूळ होतं, ताजमहाल तर दोनदा होता. यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. 'प्राचीन शिळा माझ्याशी बोलतात' असं मी त्यात लिहिलं होतं. ज्या एकाच प्राचीन शिळेशी माझा रोजचा संबंध होता, त्या बारवेच्या कठड्यावर मी उडदाचे पापड वाळत घालायची, आणि ती माझ्याशी कधी काही बोलली नव्हती.

बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. एवढं सांगून ठेवलेलं बरं, कारण माझी धाकटी नात फोटो पाहून तिला स्विमिंग पूल म्हणते. आमची बारव तीन बाजूंनी पायऱ्यांची होती, भिंतींत कोनाडे होते, आणि एका कोनाड्यात हातात आरसा धरलेली एक दगडी बाई उभी होती. तिचं नाक कधीच झिजून गेलं होतं, तरी तिचं आरशात पाहणं काही संपलं नव्हतं. गाव तिला आरशेवाली म्हणायचं. ती कोणत्या काळातली, कोणी घडवली, हे कोणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, "आमच्या आज्याच्याई आधी होती." एवढा इतिहास गावाला पुरत होता.

मालेगावहून मेडशीकडे जाताना एका फाट्यावर यष्टी सोडायची आणि पुढं बैलगाडीनं नाहीतर पायी आमचं गाव गाठायचं. गावात आमचं एकच जैनाचं घर. पुढं दादांचं, म्हणजे वडिलांचं, किराण्याचं दुकान आणि मागं आम्ही. माझ्या लहानपणाचे सगळे आवाज त्या दुकानाचे आहेत. तराजूची पारडी एकमेकांना लागायची, गुळाच्या ढेपेवर बत्ता पडायचा, गोडेतेलाच्या डब्यात माप बुडताना गुबुक् व्हायचं. मागच्या बाजूला आई आणि मैनाआत्या. आत्या दादांची थोरली बहीण. फार लहान वयात विधवा होऊन ती माहेरी आली आणि मग घर तिचंच झालं. सूर्य बुडायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकत. भाकर, मुगाचं वरण, अंबाडीची भाजी, वर हिंगाची फोडणी. आमची भांडी घासून व्हायची तेव्हा कुठं शेजारी रुखमाकाकूची चूल पेटायची, आणि तिच्या लसणाच्या ठेच्याचा वास भिंतीवरून सरळ आमच्या ओसरीवर यायचा. मी धर्माचं पुस्तक उघडं धरून बसायची आणि नाकानं पाप करायची.

आत्याचा दिवस पाण्यानं सुरू व्हायचा. पाणी बारवेचं. ती ते जाड दुहेरी फडक्यातून गाळायची. यात नवल नाही, बरीच घरं गाळतात. आमचं खरं काम त्याच्यापुढं सुरू व्हायचं. गाळून झालं की ते फडकं गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं उलटं धुवायचं, आणि ते धुतलेलं पाणी एका तांब्यात धरून जिथून आणलं तिथंच परत नेऊन सोडायचं. या पाण्याला जिवाणी म्हणतात. फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. बारवेचे बारवेत, मळ्याच्या विहिरीचे मळ्याच्या विहिरीत. अदलाबदल चालत नसे. मालेगावहून विज्ञान शिकून आल्यावर मी एकदा दादांचं भिंग घेऊन जिवाणीत पाहिलं आणि जाहीर केलं की यात एकही जीव दिसत नाही.

"त्याईले तू दिसली असशीन," आत्या म्हणाली. "म्हणून लपले."

बारव स्वच्छ राहायची ती कोणाच्या पुण्याईनं नव्हे, चुलींमुळं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अक्षय्यतृतीयेच्या आधी गावातल्या बायका टोपल्या घेऊन बारवेत उतरायच्या. तळाचा गाळ काळा, लोण्यासारखा मऊ. त्याची चूल तडकत नाही यावर साऱ्या गावाचा विश्वास. प्रत्येक घरी नवी चूल त्याच मातीची व्हायची आणि धान्याच्या कणग्याही त्याच मातीनं लिंपल्या जायच्या. आत्या वरच्या पायरीवर बसून कोणाच्या टोपलीत बेडूक तर गेला नाही ना एवढं पाहायची. आपण राष्ट्राचा ठेवा जतन करतो आहोत याची कोणाला कल्पना नव्हती. असती तर आधी समिती झाली असती, अध्यक्ष कोण यावरून दोन तट पडले असते, आणि त्या वर्षी कोणाच्याच घरी नवी चूल झाली नसती.

मग पाटी आली. वास्तू संरक्षित आहे, नासधूस करील त्याला शिक्षा होईल, असं तिच्यावर होतं. मी ती पाटी चौकात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली, शुद्ध उच्चारात. त्या उन्हाळ्यात कोणी टोपली घेऊन निघालंच नाही. मी रुखमाकाकूला विचारलं, तर ती म्हणाली, "माती आणली, चूल घातली, आन् उद्या पोलिस चूल पाह्यले आला त? सैपाक कायच्यावर करू मी, तुह्या पेनावर?"

कुलपासाठी सरकारनं चौकीदार नेमला, गणपतराव. राहायचे मालेगावात. महिन्यातून एकदा सायकलवर येत, आमच्या दुकानातून चमचाभर तेल घेत, कुलपाला घालत, दोनदा ओढून पाहत आणि जात. बारवेच्या मागची भिंत एका पावसाळ्यात ढासळली आणि तिथून बैल जाईल एवढं भगदाड पडलं. आत्या रोज जिवाणी घेऊन त्याच भगदाडातून आत जायची. मी गणपतरावांना ते दाखवायला नेलं. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "भिंतीचं मले काई सांगतलं नाई, बाई," ते म्हणाले. "मले कुलूप सांभाळाचं हाय." आणि खरोखर, तसं लखलखीत कुलूप मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

बाकी सगळ्याचं काय झालं ते सांगायला नको. आधी एकानं फुटका माठ भिंतीवरून आत टाकला. मग केरसुण्या, दिवाळीच्या पणत्या, मेलेलं कुत्रं. कोणी कोणाला हटकलं तर उत्तर यायचं, "सरकारची हाय, सरकार काढीन." सांध्यांत पिंपळ उगवले, कडेला बाभळी माजल्या. आरशेवालीचे पाय पहिल्यापासूनच गाळात असायचे, आता ती गुडघ्यापर्यंत बुडाली, मग कमरेपर्यंत. ज्या गावानं तिला वाऱ्यावर सोडलं त्या गावात दुष्ट असं कोणी नव्हतं. मी धरून सगळेच देशभक्त होतो. पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी बारवेवरूनच जायची, आणि पुढं झेंडा धरून मी असायची.

आणि मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा म्हणतात, पण आमच्याकडे तो आधीच येऊन बसला होता. रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकर तव्यावरच तुकडे होऊन पडायची, आणि आई ते तुकडे ताटात भाकरीसारखे गोल मांडायची. दुकानात बत्त्याचा आवाज थांबला. सरकारनं दुष्काळी काम काढलं. फाट्यापासून गावापर्यंत पक्का रस्ता. अख्खं गाव, बायकापोरांसकट, उन्हात खडी फोडायला बसलं. रस्ता झाला की यष्टी गावात येणार होती. दादांना त्या रस्त्याची स्वप्नं पडत. बैलगाडीनं माल आणताना त्यांची निम्मी साखर एकदा नाल्यात विरघळली होती, ते दुःख ते कधी विसरले नाहीत.

कामावर एक ओव्हरसियर साहेब होते. परमुलखातले, काटकुळे, डोक्यावर मोठी हॅट, आणि हॅटखाली कायम काळजीत पडलेला चेहरा. त्यांनी चुन्याच्या फक्कीनं रस्ता आखला. ती पांढरी रेघ फाट्याकडून सरळ आली, बारवेच्या भिंतीपाशी संपली, आणि बारवेच्या पलीकडून पुन्हा सुरू झाली. मध्ये काय होतं ते रेघेनं पाहिलंच नव्हतं. साहेबांचा तसा दोष नव्हता. आत वाकून पाहिलं तर केरकचऱ्याचा आणि गाळाचा एक खड्डा दिसायचा. पाटी गंजून कोरी झाली होती आणि शेळ्या तिला पाठ घासायच्या. साहेबांनी विचारलं तेव्हा गावानं सांगितलं, जुनी विहीर आहे, पाणी गेलं. येत्या बाजारानंतर ती मुरूम टाकून बुजवायची ठरली. मुरमाचे ढीग काठावर येऊनही पडले.

पाणी खरंच गेलं होतं. शेवटी शेवटी एका कोपऱ्यात हिरवं डबकं उरलं होतं, पिण्याला मळ्याच्या विहिरीचं पाणी होतं, तरी तिथून आत्या नेमानं जेमतेम एक कळशी भरून आणायची. एक दिवस तिनं अशी कळशी आणली, गाळली, आणि जिवाणी सोडायला परत गेली तर डबकं संपलेलं. तहानलेल्या म्हशी येऊन गेल्या होत्या. आत्या तांब्या तसाच घेऊन घरी आली. तिनं तो घडवंचीच्या खाली सावलीत ठेवला, वर ओलं फडकं घातलं, आणि तेव्हापासून त्या तांब्याची घरात तान्ह्या मुलासारखी उठाठेव सुरू झाली. पाणी आटेल म्हणून ती त्यात रोज चार थेंब मळ्याच्या विहिरीचं गाळलेलं पाणी घालायची.

मी म्हटलं, "आत्या, दुसरं पाणी घातलं तर ते जीव मरणार नाहीत का? तूच म्हणतेस ना?"

"थोडं थोडं घातलं की सवय होते," ती म्हणाली. "तुले नाई का मालेगावची झाली. तरी परत आलीच ना घरी."

बारव बुजवणार हे कळलं त्या संध्याकाळी, सूर्य अजून वर असताना, आमच्याकडे जेवताना कधी नव्हे तो आवाज चढला. आत्या दादांना म्हणाली, "तू साहेबाले सांग. तुह्या दुकानात बसते तो, तुहं ऐकन."

"काय सांगू बाई? रस्ता नको म्हणून सांगू? यष्टी येईन गावात. पोट्टे शाळेत जातीन, बायका दवाखान्यात जातीन. त्या गाळाच्या खड्ड्यासाठी साऱ्या गावाचा रस्ता अडवू?"

"खड्डा आपण केला त्याचा."

"सरकारनं केला."

"सरकार माठ फेकाले आलं होतं काय, भाऊ?"

दादांनी ताटातले मिलोचे तुकडे गोळा केले. आत्या म्हणाली, "माह्याजवळ तिथले जीव आहेत. ते मी कुठं नेऊ, एवढं सांग मले." आमच्या घरात या प्रश्नाला हसणं शक्य नव्हतं. दादांनाही ते शक्य नव्हतं, आणि म्हणूनच ते उठून गेले.

आता या सगळ्यात मी काय केलं ते वाचकांना कळायलाच हवं. मी माझा निबंध काढला. रात्र घालवून त्याची शुद्ध प्रत केली, ताजमहाल तिसऱ्यांदा घातला, आणि सकाळी दोन्ही वेण्या घट्ट बांधून साहेबांच्या तंबूत गेले. उभं राहून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'हे शिल्पकारांनो, तुमच्या छिन्नीचे घाव अजून ताजे आहेत' या ओळीला माझा आवाज भरून आला, तो घरी सराव केला तेव्हाही तिथंच भरून आला होता. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग ते म्हणाले, "अक्षर सुरेख आहे." त्यांनी माझ्या हातून कागद घेतला, टेबलावर नीट ठेवला आणि त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवला. माझ्या साऱ्या साहित्यसेवेत तेवढी नेमकी समीक्षा मला पुन्हा मिळाली नाही.

मी डोळे पुसत बाहेर आले तर बारवेपाशी गर्दी. आत्या भगदाडातून आत गेली होती आणि वरच्या पायरीवर बसली होती. मांडीत तांब्या, तांब्यावर ओलं फडकं, डोक्यावर पदर. मागून साहेब आले.

"मावशी, उठा. इथं भर टाकायची आहे."

"टाका ना. मी कुठं नाई म्हणून राह्यली. बाजारानंतर टाकणार होते ना तुमी? त्याच्या आत माह्या हातचं एवढं काम होऊ द्या." तिनं त्यांना तांब्या दाखवला आणि जिवाणी म्हणजे काय ते सांगितलं. घाई न करता, मला लहानपणी सांगितलं होतं तसं.

साहेबांनी हॅट काढली. "मग सोडा की."

"कुठं सोडू? पाणी दाखवा."

"दुसऱ्या विहिरीत सोडा."

"तुमी दुसऱ्याच्या घरी जाऊन राह्यता काय, साहेब?"

"बदलीच्या गावी तेच करतोय, मावशी," साहेब म्हणाले, आणि गर्दी हसली, साहेबही थोडे हसले. पण आत्या हसली नाही. ती म्हणाली, "मंग तुमाले त समजाले पायजे."

खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या खाली ठेवून केव्हाच येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यातून रुखमाकाकू पुढं आली. कमरेवर हात, नाकातोंडात खडीची धूळ जाऊ नये म्हणून बांधलेलं फडकं हनुवटीखाली ओढलेलं. "साहेब, एक गोठ सांगतो. आमाले काम पायजे, तुमाले काम दाखवाले पायजे. खडी फोडतो तसा आमी गाळ काढतो. माती चुलीले नेतो, माही चूल तीन साल झाले तडकली हाय. पानी लागलं त बाईचं काम होते. नाई लागलं त तुमी भरून टाका. खड्डा मोठा झाला त मुरूम जास्त लागन, काम जास्त दिस चालन. तुमचं काय जाते?"

"माझ्याकडे रस्त्याचं काम आहे, गाळाचं नाही. वरून विचारलं तर?"

"वरून?" रुखमाकाकूनं त्या गंजक्या पाटीकडे बोट केलं. "हे लावल्यापासून कोन आलं वरून पाह्यले? इथं कोनी पाहून नाई राह्यलं, साहेब. ना तुमाले, ना आमाले."

त्या बारवेची जी दुर्दशा झाली होती ती याच एका गोष्टीनं, की तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. आणि रुखमाकाकूनं तीच गोष्ट उचलून साहेबांच्या हातात परवानगीसारखी ठेवली. साहेबांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा आत्याच्या मांडीवरच्या तांब्याकडे. म्हणाले, "बाजारापर्यंत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भर पडेल. मग कोणी काही बोलायचं नाही."

"नाई बोलणार," आत्या म्हणाली.

मग सुरू झालं. आधी कचरा निघाला, मग गाळ. मीही उतरले. उत्खनन करणाऱ्या विद्वानासारखा चेहरा करून मी पहिल्याच दिवशी गाळातून एक नक्षीदार खापर काढलं, पदरानं पुसलं आणि सगळ्यांना थांबवून दाखवलं. रुखमाकाकूनं ते उलटंपालटं केलं. "हा माह्या सासूचा माठ. मीच फेकला होता." त्यानंतर मी नुसती टोपली वाहिली. तळहाताला फोड आले, ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. कोणी फार पाहत नव्हतं. आरशेवाली हळूहळू वर आली, आधी कंबर, मग गुडघे, मग पैंजण. तिचे पाय मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. तिच्या खाली दगडात हंसांची एक रांग निघाली, ती तर गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानंही पाहिलेली नव्हती. बायका चिखलाच्या हातांनी ते हंस चाचपत राहिल्या.

"बदकं हायेत," कोणीतरी म्हणालं.

"हंस आहेत ते," मी म्हटलं.

"पान्यात राह्यते ना? मंग झालं."

गणपतराव त्याच आठवड्यात तेल घालायला आले. आत गावभरच्या बायका, आणि दाराला कुलूप जसंच्या तसं. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. शाबूत होतं. भगदाडातून भरलेली टोपली आडवी करून काढावी लागत होती, अर्धा गाळ परत आत सांडत होता. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली. दार उघडताना जो आवाज झाला त्यानं सगळी कामं थांबली. बिजागऱ्यांना त्यांनी कधीच तेल घातलं नव्हतं, त्यांना ते सांगितलेलं नव्हतं.

दादा रोज दुपारी आत्याला जेवायला न्यायला येत, आणि ती तांब्या मांडीवर घेऊन पायरीवरच दोन घास खाई. एके दिवशी ते आले, त्यांनी आत वाकून पाहिलं, आणि मग डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. धोतर खोचलं आणि टोपल्यांच्या रांगेत उभे राहिले. वरून एक जण म्हणाला, "शेटजी, माती तराजूत घालून देता का?" दादा म्हणाले, "तुले त आधी मागची उधारी जोखून देतो." त्यानंतर पुरुषही उतरले. आधी उतरले नव्हते, कारण माती नेणं हे बायकांचं काम.

पण पाणी लागेना. ओल होती, चिखल होता, त्याच्या खाली पुन्हा चिखल. बाजाराच्या आदल्या दिवशी साहेब काठावर आले, मुरमाच्या ढिगाभोवती एक फेरी मारून गेले. त्यांना भर टाकायची इच्छा उरली नव्हती हे कोणालाही दिसलं असतं. पण शब्द झाला होता, आणि तो आत्यानंही दिला होता. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. ती तांब्यात थेंब घालत असताना मी तिला विचारलं, उद्याही नाही लागलं तर? ती म्हणाली, "त मी उठन. बोलली ना." तिनं तांब्यावर फडकं घातलं. मग त्याच्या कडा पुन्हापुन्हा सारख्या केल्या. आयुष्यभर जो नेम एक दिवस चुकला नाही, तो चुकला तर आपण कोण उरतो, हा प्रश्न त्या कडा सारख्या करण्यात होता. मला तो तेव्हा कळला असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा फक्त भीती वाटली.

बाजाराच्या दिवशी गावातून बाजाराला कोणी गेलं नाही. ऊन चढल्यावर तळाच्या एका दगडाच्या सांध्यातून पहिल्यांदा ओघळ आला, काळा, बोटाएवढा. सगळे त्याच्याकडे पाहत उभे राहिले. कोणी ओरडलं नाही, जणू ओरडलं तर पाणी परत जाईल. रुखमाकाकूनं सांध्यातला गाळ दोन्ही हातांनी उकरला आणि ओघळ जाड झाला. काळ्याचं मातकट झालं, मातकटाचं निवळ. आत्या जागची हलली नाही. तांब्या बुडायला हवा, म्हणाली, नुसतं ओतलं तर त्यांना लागेल. म्हणून आम्ही वाट पाहिली. सारी दुपार एवढी माणसं नुसती पाणी वाढताना पाहत बसली होती. ते तळव्याभर झालं, घोट्याभर झालं. मग आत्या उठली, एकेक पायरी उतरत खाली गेली, वाकली, तांब्या आडवा करून पाण्यात बुडवला आणि पाण्याला पाणी लागू दिलं. तांब्या तिनं तिथंच विसळला. उठताना तिला माझ्या हाताचा आधार लागला.

साहेब बूट काढून खाली उतरले होते. ते ओंजळ भरायला वाकले तशी आत्या म्हणाली, "गाळल्याशिवाय पिऊ नका." तिनं आपलं फडकं पसरलं, त्यांच्या ओंजळीवर पाणी गाळलं, आणि फडकं पुन्हा त्याच पाण्यात उलटं धुतलं. मग ती वर आली, सूर्याकडे पाहिलं, जेवायला वेळ आहे का त्याचा अंदाज घेतला, आणि साहेबांना म्हणाली, "माहं काम झालं. टाका आता भर."

ती खरंच तसं म्हणत होती. शब्द दिला होता. कोणी काही बोललं नाही, कारण न बोलण्याचाही शब्द होता. मुरमाचे ढीग काठावर होते, फावडी हातात होती, आणि एकाही माणसाचा हात उठला नाही. साहेब ओल्या पायांनी उभे होते. त्यांनी हॅट घातली, काढली. मग ते चुन्याच्या घमेल्याकडे गेले, मूठ भरली, आणि भिंतीपाशी संपलेल्या त्या रेघेपासून खाली वाकून नवी रेघ ओढायला लागले. बारवेच्या कडेनं, भिंतीच्या बाहेरून, पलीकडच्या रेघेला जाऊन मिळेपर्यंत. दादा त्यांच्या मागं घमेलं धरून चालले.

त्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या चुली नव्या झाल्या. दाराला कुलूप पुन्हा लागलं नाही. गणपतरावांनी ते घरी नेलं, त्यांना ते सांभाळायचं होतं. पुढं गॅस आले, चुली गेल्या, आणि मला वाटलं की आता पुन्हा गाळ साचणार. थोडा साचलाही. पण अलीकडे शेतकरी तो गाळ ट्रॅक्टरनं शेतात नेतात, आणि शाळेतली पोरं त्या मातीचे पोळ्याला बैल करतात, इतके वेडेवाकडे की बैल कोणता आणि उंदीर कोणता ते विचारावं लागतं. नवी पाटीही आली आहे. तिच्यावर कोणी निबंध लिहू नये म्हणजे झालं.

यष्टी आमच्या गावात येते. सरळ सपाट रस्त्यावर अचानक एक मोठं वळण लागतं, आणि गाडीतले सगळे, उभे असलेले, बसलेले, झोपलेले, एका बाजूला कलतात. मागच्या महिन्यात मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते. नवा पोरगा होता. त्यानं करकचून चाक फिरवलं आणि कंडक्टरला म्हणाला, "इथं कोन बे वाकडा रस्ता केला? दारू पिऊन आखला काय?" मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले आणि तोंड बंद ठेवलं. उभ्या आयुष्यात मला ते फार कमी वेळा जमलं आहे.